धुऱ्यांचं धुरीघर

"तू मासे खाणंस नाय, मगे माशांचा घर कित्याक मोजतंस?"

भामाकाकी मेथरनं हा प्रश्न विचारला तेव्हा मी तिच्या पायांशी पालथा पडलो होतो. नाकाला कापराचा रुमाल, एका हातात टेप, दुसऱ्या हातात टॉर्च आणि डोकं भिंतीतल्या एका फटीशी. फट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. बाहेरून अरुंद, आतून रुंद. तिचा तिरकेपणा मोजायचा तर पालथं पडण्याला इलाज नव्हता.

"नोकरी आहे काकी," मी फटीतच म्हणालो.

"वायट नोकरी," ती म्हणाली आणि जळणासाठी नारळाची सोडणं आणायला निघून गेली.

ही १९९८ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. नाव अभिनंदन शिरगुप्पे, कोल्हापूरकडचा जैन, शेजारी कुणी अंडं फोडलं तरी खिडकी लावून घेणाऱ्या घरातला. आर्किटेक्ट होऊन पुण्यात मिलिंद ओगले सरांकडे लागलो होतो. सर जुन्या वास्तूंचे मोठे जाणकार. त्यांच्या जाणकारीची पद्धत अशी की गिऱ्हाईक बोलायला लागलं की ते डोळे मिटत, आणि उघडेपर्यंत वास्तू गिऱ्हाइकाला हवी तितकी जुनी झालेली असे.

त्या वर्षी सरकारनं किनाऱ्यावरच्या ऐतिहासिक वास्तूंसाठी एक योजना काढली. मुणवे हे मालवणी मुलखातलं लहानसं बंदर. तिथल्या नगरपालिकेनं ठरवलं, आपलीही एक वास्तू पाठवायची. गावात जुनं म्हणावं असं एकच होतं: बंदराच्या टोकाला उभा असलेला, मासे धुरावण्याचा कारखाना. गाव त्याला धुरीघर म्हणायचं. ते मोजून त्याचा अहवाल करायला सरांनी मला पाठवलं. ऑफिसातले बाकीचे तिघे मासे खाणारे होते. "त्यांचं लक्ष विचलित होईल," सर म्हणाले.

धुरीघर म्हणजे एकाला एक लागून उभी असलेली चार दालनं. प्रत्येक दालन आतून आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि बत्तीस फूट उंच. मध्ये मजला नाही. चिऱ्याच्या भिंती वर जाता जाता एकमेकींकडे किंचित झुकत गेलेल्या. माथ्यावर लाकडी झडपा. खालून दोरी ओढली की उघडायच्या. समोरासमोरच्या भिंतींत दर नऊ इंचांवर खाचा होत्या. त्यांत बांबू अडकवायचे आणि बांबूंवर बांगडे टांगायचे. आतून सगळं काळं आणि चकचकीत, कुणी लाखेचा हात फिरवावा तसं.

दोन दालनं बंद पडली होती. उरलेल्या दोनांत सात बायका अजून मासे धुरावत होत्या, आणि भामाकाकी त्यांच्यातली सर्वांत थोरली.

पहिले दोन दिवस मी बाहेर येऊन ओकत होतो. तिसऱ्या दिवशी भामाकाकीनं मला आगीशेजारी उभं केलं आणि वर बघायला सांगितलं.

"धुराक घाई करूक देवची नाय," ती म्हणाली. "गडबडीत गेलो तर मासो नुसतो काळो होता. फुरसतीन गेलो तर आत शिरता. म्हणान ही भिंत अशी वाकडी."

"आणि या खालच्या फटी?"

"वारो. बाहेरसून बारीक येता, आत पसारता. जोरात इलो तर आग भडकात आणि बांगडे भाजून निघतीत."

मी वर बघत राहिलो. निळसर धूर खाचांच्या कडेकडेनं चढत होता, एका बांबूवरून दुसऱ्या बांबूवर, कुठेही न रेंगाळता आणि कुठेही न पळता. कॉलेजात मी पाच वर्षं हवा खेळती ठेवण्यावर व्याख्यानं ऐकली होती. खेळणारी हवा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. खोलीवर परतलो तेव्हा लक्षात आलं, रुमाल दिवसभर खिशातच होता.

पुढचे बारा दिवस मी वेड्यासारखं मोजलं. जिल्ह्याच्या दफ्तरात १९११ सालचं एक पत्र मिळालं. मॅकफर्सन नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्यानं हा कारखाना बांधला होता. पलटणींच्या खानावळींना धुरावलेला मासा पुरवायचा त्याचा बेत होता. पलटणींना तो आवडला नाही. मॅकफर्सन परत गेला, कामाला ठेवलेल्या बायका राहिल्या. दारांवरच्या लोखंडी तुळयांवर 'ग्लासगो १९११' अशी ठसठशीत अक्षरं होती. मी चाळीस पानांचा अहवाल लिहिला आणि सोळा नकाशे काढले. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही झालेलं नाही.

"ह्या सरकाराक गेला, की मगे आमचा काय?" भामाकाकीनं विचारलं.

"तुमचं भलंच होणार काकी. वास्तू संरक्षित झाली की कुणाला तिच्यात एक खिळा ठोकता येणार नाही."

"बरा," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला. तो तांब्या ती माझ्यासाठी वेगळा ठेवायची. माशांचा हात त्याला लागू द्यायची नाही.

अहवाल नगराध्यक्षांना दाखवायला गेलो. दादासाहेब धुरी हे भरल्या अंगाचे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले गृहस्थ. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि तिथंच थांबले.

"शिरगुप्पे, नगरपालिकेच्या कागदात या वास्तूचं नाव काय आहे?"

"धुरीघर."

"धुरी म्हणजे काय?"

"धुरी म्हणजे... धूर देणं. माशांना धुरी देतात, म्हणून—"

"धुरी म्हणजे आम्ही," दादासाहेब म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत.

"धुऱ्यांचं घर ते धुरीघर. आमचे मूळपुरुष सुभानराव धुरी आरमारात सरदार होते, असं माझे आजोबा सांगायचे. त्यांची वास्तू कुठे आहे, हा प्रश्न आमच्या घराण्याला तीनशे वर्षं पडलेला आहे. तुम्ही शोधून काढलीत. अभिनंदन!"

ते माझं नाव घेत होते की कौतुक करत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

दोन दिवसांनी सर पुण्याहून आले. दादासाहेबांनी सुभानरावांची कथा सांगितली, सरांनी डोळे मिटले. मग आम्ही तिघे धुरीघरात गेलो. सर पहिल्या दालनात मान वर करून बराच वेळ उभे राहिले.

"टेहळणीचा बुरूज," ते म्हणाले.

"मला वाटलंच होतं," दादासाहेब म्हणाले.

मग भराभर सगळं उलगडत गेलं. खाचा भाले ठेवण्यासाठी होत्या. काळ्या भिंती तोफांच्या धुरानं झालेल्या. माशांची चरबी वाहून जायची मोरी म्हणजे शस्त्रांना तेल देण्याची व्यवस्था. खालच्या फटी पाहून तर सरांना भरूनच आलं.

"जंग्या! यांतून सैनिक बंदुका रोखायचे."

"सर, त्या घोट्याच्या उंचीवर आहेत," मी म्हणालो.

"बरं मग?"

"सैनिक बंदूक चालवणार कशी?"

सरांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "शिरगुप्पे, तुझी भाषा चांगली आहे. हे तूच लिहिशील."

"आणि तुळयांवर ग्लासगो लिहिलंय, त्याचं काय?"

"त्याला रंग देऊ," दादासाहेब म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच माणूस ऑइलपेंटचा डबा घेऊन हजर झाला.

मी संतापलो होतो. खोटा अहवाल देणाऱ्याला काही शिक्षा असेल, तिच्यावर बोट ठेवून सरांना सांगू, म्हणून मी योजनेची पुस्तिका घेऊन खानावळीत बसलो आणि सगळी दुपार ती वाचली. बहात्तर पानं. दोनदा वाचली. सकाळी उठून सरांना म्हणालो, "लिहितो मी."

"शहाणा झालास," सर म्हणाले.

लिहिताना मला मजा आली, हे कबूल केलं पाहिजे. बांधकामाचं साल मी १६९० ठरवलं. घोट्याच्या उंचीवरच्या जंग्यांसाठी 'पालथा मारा' नावाची आरमारी युद्धपद्धती तयार केली. सुभानरावांचे नेमबाज पालथे पडून शत्रूच्या होड्यांचं नेमकं बूड फोडत. भाले मी मोजून चारशे सोळा लिहिले, कारण खाचा तेवढ्या होत्या. सरांनी मजकूर दोनदा वाचला आणि पाठीवर थाप मारली. नकाशे त्यांनी उघडले नाहीत. ते कधीच उघडत नसत.

दादासाहेबांनी धुरीघरावर फलक लावला: 'सरदार सुभानराव धुरी आरमारी चौकी'. भामाकाकीनं तो नातवाकडून वाचून घेतला. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेनाशी झाली. पाण्याचा तांब्याही पुढे आला नाही. मी दोनदा तिच्या जवळपास जाऊन उभा राहिलो. ती सोडणं फोडत राहिली.

जानेवारीत मुंबईहून पाहणीसाठी डॉ. सुमेधा गुर्जर आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, पायात जाड बूट. दादासाहेबांनी सकाळपासून आगी विझवून ठेवल्या होत्या आणि सातही बायकांना बाहेर, माडाखाली बसवलं होतं. बंदरावर मांडव होता, तुतारीवाला होता, सुभानरावांचं कोऱ्या रंगाचं तैलचित्र होतं. चित्रातले सुभानराव हुबेहूब दादासाहेबांसारखे दिसत होते. फक्त मिशा जास्त होत्या.

गुर्जर बाईंनी हार घेतला नाही. माझा अहवाल काखेत मारून त्या थेट पहिल्या दालनात शिरल्या. आम्ही मागोमाग.

"हा पालथा मारा मला नीटसा कळला नाही," त्या म्हणाल्या. "जरा दाखवता का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पण पूर्वजांच्या पराक्रमाचं प्रात्यक्षिक परक्यानं करणं दादासाहेबांना मंजूर नव्हतं. "मी दाखवतो," ते म्हणाले, आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी त्या जमिनीवर आडवे झाले. नव्वद वर्षांची काजळी आणि नव्वद वर्षांची बांगड्यांची चरबी तिथं होती. एक डोळा मिटून त्यांनी बंदूक म्हणून हातातली छत्री फटीला लावली. छत्री आरपार गेली नाही. ते सरपटत पुढे झाले, मग आणखी पुढे, आणि शेवटी त्यांच्या पोटानं दाद दिली नाही. उठवायला तिघं लागले. उठले तेव्हा पुढून ते पूर्ण धुरावलेले होते आणि मागून नगराध्यक्ष.

कुणी हसलं नाही. तुतारीवाल्यानं मात्र चुकून तुतारी फुंकली.

बाई दुसरं दालन ओलांडून तिसऱ्यात गेल्या. भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या. भिंत अजून कोमट होती. तेवढ्यात दारात भामाकाकी आली.

"बाई," ती म्हणाली, "ही सगळी माणसां खोटा बोलतत. हयसर कदी शिपाय नव्हते. ह्या घर मा—"

"मॅडम, हिच्याकडे लक्ष देऊ नका," मी ओरडलो. माझा आवाज बत्तीस फूट वर जाऊन परत आला. "या बायकांचा इथं काही संबंध नाही. बेकायदा घुसल्यात. अतिक्रमण आहे हे."

भामाकाकीनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि बाहेर निघून गेली. दादासाहेबांनी काळ्या हातानं माझा खांदा दाबला; माझ्या शर्टावर त्यांची पाच बोटं उमटली.

गुर्जर बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं माणूस ताटातल्या केसाकडे बघतो. "हा मजकूर तुम्ही लिहिलात?"

"हो."

"आणि नकाशे?"

"तेही मीच."

"दोन्ही एकाच माणसाचं काम वाटत नाही." त्यांनी सातव्या क्रमांकाचा नकाशा उघडला, दाराच्या चौकटीजवळ गेल्या, पर्समधून किल्ली काढली आणि तुळईवरचा रंग खरवडू लागल्या. नकाशात जिथं जी अक्षरं मी काढली होती, तिथून तीच अक्षरं एकेक बाहेर आली.

"ग्लासगो, एकोणीसशे अकरा," त्यांनी वाचलं. "सरदार सुभानरावांनी लोखंड फारच आगाऊ मागवलं होतं."

"नंतरची दुरुस्ती असावी," सर म्हणाले.

"चारही दालनांची? सगळ्या चौकटींची?"

सरांनी डोळे मिटले. पण या वेळी उघडल्यावरही काही बदललेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून गुर्जर बाईंनी तिथंच शेरा लिहिला आणि वाचून दाखवला: 'आरमारी चौकी असल्याचा दावा सिद्ध होत नाही. प्रस्ताव फेटाळण्यात यावा.'

"आम्ही सुधारून पाठवतो," दादासाहेब म्हणाले. "काय हवं ते लिहून पाठवतो. मासे तर मासे!"

"पाठवता येणार नाही. कलम चौदा. एकदा फेटाळलेली वास्तू या योजनेत पुन्हा विचारात घेतली जात नाही." हे म्हणताना त्या दादासाहेबांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग त्या माडाखाली गेल्या, बायकांपैकी एकीकडून डझनभर धुरावलेले बांगडे वर्तमानपत्रात बांधून घेतले आणि जीपमध्ये बसल्या. त्यांना किती कळलं होतं, हे मी कधी विचारू शकलो नाही.

दादासाहेब आणि सर मांडवात एकमेकांवर ओरडत राहिले. मी पिशवीतली पुस्तिका काढून भामाकाकीपुढे जाऊन बसलो.

"काकी, एक मिनिट ऐका. कलम अकरा. 'संरक्षित वास्तूत व तिच्या आवारात चूल, भट्टी अथवा कोणत्याही प्रकारे अग्नी पेटवण्यास सक्त मनाई राहील.' मी खरं लिहिलं असतं तर वास्तू संरक्षित झाली असती, आणि तुमच्या आगी दुसऱ्या दिवशी विझल्या असत्या. कायमच्या. धुऱ्यांचं घर म्हणून मान्य झाली असती तरी तेच. ती फेटाळली जाणं एवढी एकच वाट होती. तुम्ही बाईंना खरं सांगितलं असतंत, तर..."

भामाकाकीनं पुस्तिका हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तरी पानं उलटून पाहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मला परत दिली.

"ह्या पुस्तकात असा खय लिवला हा, की म्हातारेक आदी सांगूचा नाय म्हणान?"

दोन महिने मी तिच्यापासून पंधरा पावलांवर होतो. कलमं, नकाशे, डाव-प्रतिडाव सगळं मला सुचलं होतं. पंधरा पावलं चालत जाऊन तिला सांगावं, हे सुचलं नव्हतं. आपण एकट्यानं सगळ्यांना वाचवतोय, या कल्पनेत मी फार खूश होतो.

"अतिक्रमण," ती म्हणाली. शब्द तिनं नीट, सावकाश उच्चारला. "माझी सासू हयसर काम करता करता बाळंत झाली. त्या तिसऱ्या खोलयेत. तो झील म्हणजे माझो न्हवरो. आणि मी घुसलंय."

ती उठली आणि आग पेटवायला आत गेली. बाकीच्या सहाजणीही तिच्यामागून गेल्या.

सरांनी मला त्याच आठवड्यात काढलं. 'कल्पनाशक्ती प्रमाणाबाहेर' असं कारण दिलं. मी इचलकरंजीला सूतगिरण्यांच्या शेड काढायला लागलो आणि तिथंच रमलो. खऱ्या अहवालाची चाळीस पानं कपाटात राहिली. ती मागायला कुणी आलं नाही.

२०११ च्या मार्चमध्ये भामाकाकीच्या सुनेचं, उज्वला मेथरचं, पत्र आलं. भामाकाकी दोन वर्षांपूर्वी गेली होती. तिसऱ्या दालनाची समुद्राकडची भिंत फुगली होती. नगरपालिका म्हणत होती, आमच्या यादीत नाही. मुंबईहून उत्तर आलं होतं, वास्तूस ऐतिहासिक महत्त्व नाही. 'सासूबाई सांगून गेल्या आहेत,' उज्वलानं लिहिलं होतं, 'की घराला काही झालं तर कोल्हापूरच्या त्या खोटारड्याला बोलवा, सगळी मापं त्याच्याकडे आहेत.'

मी आठ दिवसांची रजा काढली आणि माझ्याकडे काम करणारे बसाप्पा आणि त्याचा भाऊ, असे दोन गवंडी बरोबर घेऊन गेलो. जुने नकाशे जमिनीवर पसरले. फुगलेल्या भिंतीचा एकेक चिरा उतरवला आणि जिथला तिथं, त्याच तिरकेपणानं परत बसवला. शेजारच्या दालनात बायकांचं काम चालूच होतं. आता त्या पाचच होत्या.

शेवटच्या दिवशी बसाप्पा शिडीवरून उतरला, कमरेवर हात ठेवून वर झडपांपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, "सायेब, लई जुनी दिसतीया बिल्डिंग. काय हुतं हो हितं?"

मी घसा साफ केला. चाळीस पानं मला अजून तोंडपाठ होती.

तेवढ्यात बांगड्यांची पाटी कमरेवर घेऊन उज्वला आत आली. "जुनी खय?" ती म्हणाली. "चालू आसा. ती शिडी वायच बाजूक घेवा बघू, माका बांगडे टांगूचे आसत."

आम्ही शिडी बाजूला घेतली.